आधी यादी तरी दाखवा

मागच्या पावसाळ्यात आमच्या स्टुडिओत एक गृहस्थ स्पूल टेप घेऊन आले. दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आत वर्तमानपत्र, त्याच्या आत पुठ्ठ्याचा चौकोनी डबा. "वडिलांनी रेडिओवरून टेप केलेलं आहे, मोबाइलवर ऐकता येईल असं करून द्या," एवढंच म्हणाले. अंधेरीतल्या एका छोट्या साउंड स्टुडिओत मी असिस्टंट आहे. वय तेवीस. जुन्या टेपा माझ्याच टेबलावर येतात, कारण बाकीच्यांना त्या कामाचा कंटाळा आहे आणि मला त्याचं वेड आहे, हे तिथे चहावाल्यालाही माहीत आहे.

टेप चिकट झाली होती. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिली की टेपेवरचा लेप सुटायला लागतो. तशीच मशीनवर चढवली तर हेडवर तपकिरी चिखल साचतो, आणि तो चिखल म्हणजेच आवाज असतो. म्हणून ती आधी पन्नासेक अंशांवर काही तास शेकावी लागते. शेकली, थंड केली, लावली. आधी नुसती खरखर, मग एक श्रुतिका. वायर वगैरे जोडलेली नव्हती. सरळ रेडिओसमोर माइक धरून टेप केलेलं. त्यामुळे नायिका रडते आहे आणि मागे कुकरची दुसरी शिट्टी होते. मध्येच एक बाई कुजबुजत विचारते, "आता बोलू का?" आणि एक पुरुष तिला "श्शू" करतो.

मला हसू आलं. पण त्या दिवशी मी सगळ्यात जास्त वेळ पाहत बसलो ते डब्याचं झाकण. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं रकाने आखलेले: अनुक्रमांक, तारीख, केंद्र, कार्यक्रम, कोण, किती मिनिटं. बारा नोंदी. वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, असं नंतर कळलं. अक्षर पाहून ते सांगायची गरज नव्हती.

एका खाजगी माणसानं आपल्या एका टेपेची यादी ठेवली. ज्यांच्याकडे अशा टेपांची कपाटंच्या कपाटं आहेत, त्या आकाशवाणी-दूरदर्शननं आपली यादी लोकांपुढे ठेवावी, एवढंच माझं मागणं आहे. ते किती साधं आहे आणि तरी का करावं लागतं, ते सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. माझ्या वयाचा मुलगा जुना रेडिओ ऐकतो, कृष्णधवल मालिका शोधत बसतो, म्हटलं की लोक कौतुकानं मान डोलावतात. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी काका हमखास म्हणतात, "अरे, तू तर तेव्हा जन्मलाही नव्हतास!" मग स्वतःच्या आठवणी सुरू होतात. कुणाच्या घरी टीव्ही होता, छायागीताला चाळीतली किती पोरं कुणाच्या दारात बसायची, अँटेना फिरवायला गच्चीवर कोण चढायचं. मला ऐकायला आवडतं. पण या सगळ्याला 'स्मरणरंजन' हा शब्द लावतात तेव्हा मला तो माझ्या अंगाचा वाटत नाही. माझ्याकडे रंजन आहे, स्मरण कुठून आणू? ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला कुणी "तू तेव्हा नेवाशाला होतास का?" असं विचारत नाही. रेडिओ-टीव्हीच्या बाबतीतच हा पुरावा का मागतात?

हा शब्दाचा कीस नाही. एखादी गोष्ट आठवणीची म्हटली की तिची सोयही आठवणीसारखीच होते. दिवाळीत एक खास कार्यक्रम, वर्धापनदिनाला दहा मिनिटांच्या क्लिपा, कुणी कलावंत गेला की त्या रात्री एक जुनी मुलाखत. ज्यांच्या त्या आठवणी आहेत ती पिढी असेतोवर हे चालेल. नंतर कुणासाठी करायचं? तीच गोष्ट वाचायची-ऐकायची मानली की ग्रंथालय लागतं, आणि ग्रंथालय आलं की पहिल्यांदा यादी येते.

माझं वेड सुरू झालं ते एका शुक्रवारी चोर बाजारात. मटण स्ट्रीटवरून एक व्हॉल्व्हचा मर्फी रेडिओ उचलला, लाकडी पेटीचा, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. तो लावल्यावर लगेच बोलत नाही. व्हॉल्व्ह तापायला वेळ घेतात, मग लांबून कुणी जिना चढत यावं तसा आवाज येतो. मीडियम वेव्हवर ५५८ ला अस्मिता वाहिनी लागते, पण घरातली एलईडी ट्यूब चालू असली की नुसती गुणगुण. म्हणून आमच्याकडे रेडिओ अंधारात ऐकतात. आईला वाटतं, मुलाचं काहीतरी बिनसलंय.

अंधारात ऐकताना मला जे ऐकू येतं ते काकांच्या आठवणीत नसतं. जुन्या श्रुतिकांतली माणसं वाक्य संपल्यावर थांबतात. तो थांबा आज आम्ही एडिटिंगमध्ये पहिल्या झटक्यात उडवतो. 'पुन्हा प्रपंच' या रेडिओवरच्या श्रुतिकामालिकेतल्या टेकाडे भावोजींचा आणि मीनावहिनींचा लोक आजही उल्लेख करतात, तेव्हा बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू यांनी निव्वळ आवाजावर एक अख्खं बिऱ्हाड कसं उभं केलं, हे मला धंद्याचा भाग म्हणून शिकायचं असतं. आणि काही ऐकताना कान टवकारतात तेही वेगळ्या कारणानं. बायकोवरचे विनोद, 'भगिनींसाठी' म्हणून दिलेले उपदेश, गावाकडच्या माणसाची ठरलेली बोली. तेव्हाच्या श्रोत्याला ते खटकलं नसेल. मला खटकतं, आणि म्हणूनच ते जसंच्या तसं हवं आहे.

आता मुंबईचा यातला वाटा पाहा. बॉम्बे रेडिओ क्लबनं १९२३ मध्ये या शहरातून हौसेनं प्रक्षेपण सुरू केलं. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि सरकारनं ते काम हातात घेतलं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन आलं. वरळीचा तो मनोरा अजून वाट दाखवायच्या कामी येतो. हिंदी सिनेगीतांची गीतमाला १९५२ पासून वाजली रेडिओ सिलोनवर, पण अमीन सायानींचा आवाज टेप होई इथे आणि टेपा कोलंबोला रवाना होत. मुंबईनं शंभर वर्षं हवेत सोडलेल्या आवाजातला किती भाग आज कपाटात आहे? हा प्रश्न मी भाबडेपणानं विचारत नाही. बराचसा कधी टेपच झालेला नसणार. बातम्या थेट वाचल्या जात. टेप महाग होती, वापरलेली पुसून पुन्हा वापरायची हा शिरस्ताच होता. तो जगभर होता. बीबीसीनंही साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या गाजलेल्या मालिका पुसल्या आणि आज ते जगभरच्या संग्राहकांकडे भाग शोधत फिरतात. त्या वेळच्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना उद्याचा कार्यक्रम लावायचा होता आणि हातात टेपा मोजक्या होत्या.

पण एक फरक आहे. बीबीसीच्या कुठल्या मालिकेचा कुठला भाग हरवला आहे, हे क्रमांकानिशी सांगता येतं, म्हणूनच तो शोधता येतो. आपल्याकडे स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत, हे प्रत्येक लेखात असतं. त्या वाचताना कशा दिसत, शब्दावर जोर कुठे देत, हे माझ्या पिढीतल्या कुणी पाहिलं आहे? दूरदर्शनच्या 'चिमणराव' मालिकेतले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे मला मोजक्या तुकड्यांतून भेटले. बाकीचं हरवलं, की पुसलं, की एखाद्या फडताळात पडून आहे? या तीन गोष्टी सारख्या नाहीत. हरवलेल्याचा शोध घ्यायचा असतो. पुसलेल्याचं सुतक संपवून मोकळं व्हायचं असतं. आणि फडताळात असेल तर ते वेळेवर शेकायचं असतं, कारण टेप कुणासाठी थांबत नाही.

सिनेमाकडे पाहिलं की यादीचं मोल कळतं. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत कुठे असल्याचं ज्ञात नाही. तरी त्यात सात गाणी होती हे आपण ठामपणे सांगतो, कारण छापील कागद उरला. जाहिराती, फोटो आणि गाण्यांची चोपडी. २००३ च्या जानेवारीत पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली. जे जळलं त्याची मोजदाद करता आली, कारण फिल्मचे डबे नोंदवलेले होते.

कागदाचं महत्त्व आपल्याला नवीन नाही. १८६७ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद इंग्रज सरकार दर तिमाहीला प्रसिद्ध करी. हेतू उदात्त मुळीच नव्हता, नेटिव्ह लोक काय छापतात यावर नजर ठेवायची होती. तरी त्या पाळतीच्या यादीवर आज किती पीएच.डी. उभ्या आहेत! आणि मग आपले शंकर गणेश दाते. १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी केली. आजही जुन्या पुस्तकाबद्दल वाद निघाला की कुणीतरी म्हणतंच, "दात्यांमध्ये बघा." मराठी आवाजाचे दाते अजून व्हायचे आहेत.

पुस्तकाला एवढ्यावरच सोडलेलं नाही. १९५४ च्या कायद्यानं देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं पदरमोड करून चार ग्रंथालयांना पाठवायची असते. त्यांतलं एक आपल्या फोर्टात, टाउन हॉलच्या इमारतीत आहे. दोन वर्षांनी वर्तमानपत्रंही त्यात आली. म्हणजे कुणी हौशी कवीनं स्वखर्चानं काढलेला आणि खुद्द त्याच्या बायकोनंही न वाचलेला काव्यसंग्रह टाउन हॉलमध्ये जाऊन मागण्याचा मला हक्क आहे. (मी असे दोन मागवून वाचले आहेत. एक बरा होता.) पण ज्या श्रुतिकेसाठी गिरगावातली दुकानं थांबत, तिच्याबाबत असा कुठलाच कायदा नाही. फ्रान्सनं १९७५ मध्ये रेडिओ-टीव्हीच्या जतनासाठी स्वतंत्र संस्था काढली, १९९२ मध्ये पुस्तकांसारखीच प्रसारणाचीही प्रत जमा करणं सक्तीचं केलं आणि २००६ पासून संग्रहाचा काही भाग घरबसल्या पाहायला खुला केला.

आपल्याकडे कायद्याचा आधार अगदीच नाही असंही नाही. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती महामंडळाचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. त्याच्या बाराव्या कलमात महामंडळाची कामं सांगितली आहेत, आणि रेडिओ-दूरचित्रवाणीच्या साहित्याचं ग्रंथालय उभारणं आणि सांभाळणं हे त्यांतलंच एक आहे. कायदा ग्रंथालय म्हणतो, गोदाम म्हणत नाही. शिवाय पैसे कुणाचे होते? ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि पोस्टात जाऊन त्याचं शुल्क भरावं लागे. माझ्या आजीच्या ट्रंकेत आजोबांचं ते परवान्याचं पुस्तक आहे, तिकिटं चिकटवलेलं. सरकारी कामाला 'जनतेच्या पैशातून' म्हणायची आपल्याला सवय आहे. इथे तर घराघरातून नाव-पत्ता लिहून पैसे घेतलेले आहेत.

यावर मला तीन उत्तरं मिळतात.

पहिलं: सगळं यूट्यूबवर आहे. नाही. यूट्यूबवर जे आहे ते कुणीतरी निवडलेलं आहे. सरकारी वाहिन्या आता बऱ्याच जुन्या गोष्टी चढवतात, प्रसार भारतीनं २०२४ मध्ये स्वतःचं ओटीटी व्यासपीठही आणलं, आणि मी त्याचा आनंदानं लाभ घेतो. पण निवडलेलं म्हणजे गोडगोड. आणीबाणीतली बातमीपत्रं कुणी हौसेनं चढवणार नाही, आणि मला नेमकी ती ऐकायची आहेत. बाकी जे आहे ते लोकांनी घरच्या व्हिडिओ कॅसेटीवरून टाकलेलं. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे, पण त्यात तारीख नसते, निर्मात्याचं नाव नसतं आणि कधीकधी शीर्षकही भलतंच असतं. आता त्यात मशीननं रंग भरून, चेहरे गुळगुळीत करून टाकायची साथ आली आहे. २०२५ मध्ये एका हिंदी चित्रपटाची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेकडून शेवट बदलून घेऊन पुन्हा थिएटरात लागली. दिग्दर्शक आणि नायक विरोध करत राहिले. सिनेमाच्या बाबतीत मूळ शेवट लाखोंनी पाहिलेला होता, म्हणून ओरड तरी झाली. कुणाच्याच ऐकण्यात नसलेल्या एका नभोनाट्याचा शेवट उद्या कुणी बदलला तर तो पकडायचा कशावरून? मूळ किती मिनिटांचं होतं आणि त्यात कोण कोण होतं, एवढं कुठेतरी लिहिलेलं असलं तर.

गीतरामायणाचं उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, आठवड्याला एक अशी ५६ गाणी. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे अनेक आवाज होते. ज्याचं पात्र त्याचा गळा. आज तुमच्या-माझ्या कानात आहे ते एकट्या बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, गायलेलं. तेही अजोडच. पण रेडिओवर जे घडलं ते नाटकाच्या जातीचं होतं, आपल्या कानावर आहे ते कीर्तनाच्या जातीचं. हा फरक माझ्या वयाच्या पोरांना सांगून पाहा, डोळे विस्फारतात.

दुसरं उत्तर हक्कांचं, आणि ते खरं आहे. आपल्याकडे चित्रपट आणि ध्वनिमुद्रणाला साठ वर्षांचं संरक्षण आहे, प्रसारणाच्या हक्काला पंचवीस. वर लेखक-कवींचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं चालतात. एका अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात पाच जणांचे हक्क गुंतलेले असतात. नटांना तेव्हा मानधन चिमूटभर मिळालं. त्यांच्या वारसांना विचारल्याशिवाय सगळं फुकट वाटावं असं मी म्हणणार नाही. पण यादीवर कुणाचा हक्क आहे? कार्यक्रमाचं नाव, तारीख, कलावंत, लांबी हे सांगितल्यानं कुणाची रॉयल्टी बुडत नाही. उलट वारसांनाच पहिल्यांदा कळेल की आपल्या आईचा आवाज कुठल्या क्रमांकाच्या टेपेत आहे. हक्काचा मुद्दा ऐकवण्याच्या आड येतो. यादी अडते ती आळसानं, किंवा याहून वाईट, काय काय नाही हे उघडं पडेल या धास्तीनं.

तिसरं, पैसे आणि माणसं नाहीत. सगळं डिजिटल करायला दोन्ही लागतात, कबूल. एक तासाची टेप उतरवायला तासाहून जास्तच वेळ जातो, त्याला शॉर्टकट नाही. मी रोज ते करतो. पण यादी कोऱ्या पानापासून सुरू करायची नाहीच. रेडिओच्या टेपेबरोबर क्यू शीट, म्हणजे टेपेवर काय आहे याचा कागद, असायची, लायब्ररीत नोंदवह्या असायच्या. त्या नोंदवह्यांच्या पानांचे फोटो काढायला मोबाइल पुरतो. मुंबईत ग्रंथालयशास्त्र आणि मास मीडिया शिकणारी मुलं भरपूर आहेत, त्यांना इंटर्नशिपच्या नावाखाली चहाचे कप उचलायला लावण्यापेक्षा हे बरं. चुका होतील. 'श्रुतिका'चं 'स्मृतिका' होईल. सार्वजनिक यादीची चूक कुणीतरी निवृत्त निवेदिका दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून पाठवेल. ती माणसं अजून आहेत, दादरला आणि पार्ल्याला फोन उचलतात. आणखी दहा वर्षांनी उचलतीलच असं नाही.

यादीनंतर माझी हाव वाढणार, हे लपवत नाही. मग मला ऐकायची खोली हवी. चर्चगेटला किंवा वरळीला, चार टेबलं, हेडफोन, आधी नाव नोंदवून जायचं, कॉपी मिळणार नाही, फक्त बसून ऐका. हस्तलिखितं आपण अशीच पाहतो की. त्यानंतर १९५४ च्या कायद्यात रेडिओ आणि टीव्ही घालायची मागणी, आणि तिच्यात खाजगी वाहिन्याही आल्या पाहिजेत. पंचवीस वर्षांच्या मराठी मालिकांचं कंपन्यांच्या हार्ड डिस्कमध्ये काय होणार आहे, हा तर याहून मोठा घोर आहे. पण ती भांडणं लांबची. ज्या घरात काय आहे हेच सांगत नाहीत, त्या घरात जेवायला बसायचा हट्ट कसा धरायचा?

त्या गृहस्थांची टेप मी दोन दिवसांत उतरवली. कुकरच्या शिट्ट्या काढून टाकायची सोय आमच्याकडे आहे, पण मी हात लावला नाही. झाकणावरच्या अकरा नोंदी टेपेवर जशाच्या तशा निघाल्या, मिनिटंही जुळली. बारावी नोंद होती: मुंबई, वनिता मंडळ, कथावाचन, १४ मि. आणि 'कोण'च्या रकान्यात नुसतं 'सौ.' टेपेवर त्या जागी क्रिकेटचं समालोचन होतं.

फाइलबरोबर झाकणाचा फोटोही पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"बारावं कुठाय?"

"पुसलं गेलंय, काका. त्यावर मॅच टेप केली आहे."

"बाबांनीच?"

"तसंच दिसतंय."

ते थोडा वेळ गप्प राहिले, मग हसले. "आई रेडिओवर वाचायची म्हणून सांगायची. आम्हाला वाटायचं, उगाच सांगते." पुन्हा गप्प. "म्हणजे वाचलं होतं तिनं?"

"वाचलं होतं," मी म्हटलं. "चौदा मिनिटं."